कलम सातवरची सही : घटस्फोटानंतरच्या पोटगीचं सोलापुरातलं एक प्रकरण

नावं, पेठा आणि काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र जवळपास तसेच ठेवलेत, कारण हे प्रकरण आकड्यांवरच फिरलं. जिची ही गोष्ट, तिला विचारूनच लिहिते आहे. तिला इथे सुमन म्हणू आणि तिच्या पूर्वीच्या नवऱ्याला अंबादास. मी सोलापुरात कौटुंबिक दावे चालवते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे. सुमन तिथूनच माझ्याकडे आली.

पार्श्वभूमी

लग्न २०१० सालचं. सासर अक्कलकोट रोडच्या बाजूला, घरचे यंत्रमाग, टॉवेलचं काम. सुरुवातीला सुमन सासूबरोबर कांड्या भरायला बसायची. दहावी झालेली आणि अक्षर चांगलं, म्हणून दोन-तीन वर्षांत कामगारांच्या मजुरीची वही तिच्याकडे आली. "वही माझ्याकडं, पैसे त्यांच्याकडं," असं ती सांगते. दर आठवड्याला ती हजेरी आणि मजुरीचं पान लिहायची, त्याचा मोबाईलवर फोटो काढायची आणि नवऱ्याला पाठवायची. तो रोकड आणून वाटायचा. हे फोटो पुढे कामाला येणार होते, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

२०१३ ला मुलगी झाली. २०१९ च्या दिवाळीनंतर सुमन मुलीला घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. का, ते इथे लिहीत नाही. पोटगीच्या हिशेबात त्याचा फारसा संबंध आला नाही, आणि तिलाही ते पुन्हा उकरायचं नव्हतं.

२०२१ साली दोघांनी परस्पर संमतीनं घटस्फोट घेतला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायचा तर किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबायचं असतं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. यांना ती माफ झाली आणि दोन-तीन तारखांत काम उरकलं. तेव्हा दोघांचा मिळून एकच वकील होता. त्याची व्यवस्था अंबादासच्या भावानं केली होती.

संमती-अटींचं पत्रक तीन पानांचं. तिसऱ्या पानावर कलम सात: "अर्जदार क्र. २ हिला कायम पोटगीपोटी एकरकमी रु. ३,००,०००/- मिळाले असून यापुढे ती स्वतःसाठी अथवा मुलीसाठी कोणत्याही न्यायालयात पोटगीची मागणी करणार नाही."

त्यातले "अथवा मुलीसाठी" हे दोन शब्द लक्षात ठेवा.

अडचण

सुमन डिसेंबर २०२३ मध्ये आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हुकूमनाम्याची नक्कल, मुलीची फी भरल्याच्या पावत्या आणि एक जुना फोन. फोनची काच तडकलेली, चार्जिंगची पिन हलवत धरली तरच सुरू व्हायचा.

तीन लाखांचं काय झालं, ते तिनं न विचारताच सांगितलं. एक लाख वीस हजार भावाला घराच्या कामासाठी दिले. साठ हजार आईच्या ऑपरेशनला गेले. शिलाईची मोटारवाली मशीन घेतली, खोलीचं डिपॉझिट भरलं, मुलीला शाळा बदलून दिली. बँकेत अकरा हजार उरले होते. भाऊ वाईट नाही. पण त्याची पोरं मोठी झाली आणि खोल्या दोनच, म्हणून ती विडी घरकुल वसाहतीच्या बाजूला भाड्यानं राहायला गेली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात नगावर काम. सीझनला नऊ हजारांपर्यंत जातं, पावसाळ्यानंतर पाचावर येतं. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला साडेसहा-सात हजार.

ती म्हणाली, "माझं जाऊ द्या मॅडम. पोरीचं काही निघतंय का बघा की."

मी कलम सात वाचलं आणि विचारलं, हे वाचून सही केली होती का? "वाचलं होतं. पण मला वाटलं सगळ्यांच्यात असंच लिहितात. आणि तीन लाख एकदम मी कधी बघितलेच नव्हते."

सगळ्यांच्यात असंच लिहितात, हे तिचं वाटणं चुकीचं नव्हतं. माझ्या स्वतःच्या संगणकावर संमती-अटींचा जो नमुना होता, त्यातही जवळजवळ हेच वाक्य होतं. "मुलीसाठी" हा शब्द माझ्या नमुन्यात नव्हता, एवढाच फरक. आपण वकील मंडळी रक्कम ठरवायला चार बैठका घेतो आणि हे वाक्य टायपिस्टवर सोडतो.

मी तिच्यासमोर कागदावर एक हिशेब मांडला. घटस्फोटाच्या वेळी ती तिशीच्या थोडी पुढे होती. पुढची पंचवीस वर्षं धरली तर तीनशे महिने. तीन लाख भागिले तीनशे, म्हणजे महिन्याला एक हजार रुपये, दोघींसाठी. ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

तिच्या डोक्यात आणखी दोन समज घट्ट होते. पहिला, घटस्फोट झाला की नवरा-बायकोचं नातं संपलं, म्हणजे पोटगीही संपली. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीच्या कलम १२५ मध्ये "पत्नी" या शब्दात घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली स्त्री स्पष्टपणे धरलेली होती, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ती आहे. दुसरा, आपण कमावतो म्हणून मिळणार नाही. थोडंफार कमावणं आणि स्वतःला धडपणे पोसू शकणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या निकालांत सांगितलंय. रक्कम ठरवताना तिची कमाई धरली जाते, पण तेवढ्यावरून दार बंद होत नाही.

तिच्या कारखान्यातल्या बायकांनी तिला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: नवऱ्याच्या पगाराचे पंचवीस टक्के मिळतातच. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम योग्य मानली, ती तिथून ऐकीव झाली. कायद्यात असा काही ठोक दर नाही. आणि अंबादासला पगारच नव्हता, कागदावर तरी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कोर्टाबाहेरचा. दोन्ही घरांना मानणारी समाजातली चार ज्येष्ठ मंडळी होती. बैठक घालून महिन्याला काही ठरवून घ्यावं, असं सुमनच्या आईचं म्हणणं होतं. घरात बोलणं तेलुगूत, त्यामुळे मला निम्मं सुमनकडून समजून घ्यावं लागलं. पण "कोर्टात गेलो तर पोरीच्या लग्नात कोण येणार" हा मुद्दा भाषेशिवायही कळला.

दुसरा, कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. घटस्फोटानंतरही पूर्वीच्या सहवासातल्या हिंसेबद्दल त्याखाली दाद मागता येते, आर्थिक भरपाईही मिळते. पण त्यासाठी तीच जुनी भांडणं तपशिलात लिहावी लागली असती, आणि संमती-अटींत "एकमेकांविरुद्ध तक्रार नाही" असं दोघांनी लिहून दिलं होतं. सुमननं मान हलवून नाही म्हटलं. मीही आग्रह धरला नाही.

तिसरा, कलम १२५ चा अर्ज. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असं हा कायदा म्हणतो. पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघतं, प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच स्पष्ट केलंय. हत्यार धारदार आहे. पण संहितेच्या याच प्रकरणात, म्हणजे पोटगीच्या कलमांतच, असंही लिहिलंय की घटस्फोटानंतर स्त्रीनं स्वखुशीनं पोटगीचा हक्क सोडला असेल तर आदेश रद्द होतो. समोरचा वकील कलम सात घेऊन नेमका तिथेच उभा राहणार, हे उघड होतं.

चौथा, हिंदू विवाह कायद्याचं कलम २५, कायम पोटगी. या कलमातले शब्द असे की हुकूमनामा होताना किंवा त्यानंतर केव्हाही न्यायालय पोटगी ठरवू शकतं. एकरकमी देता येते, महिन्याला देता येते, आणि गरज पडली तर स्थावर मालमत्तेवर बोजा चढवता येतो. संमती-अटींत "मागणार नाही" असं लिहून दिल्यानं कलम २५ चा अर्ज अडत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं गोकर्ण प्रकरणात घेतली आहे. मात्र आधी घेतलेले तीन लाख न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर राहणारच.

आणि मुलगी? तिच्या बाबतीत कलम सातला अर्थच नव्हता. पोटगी हा मुलीचा स्वतःचा हक्क, आई तो सोडून देऊ शकत नाही.

इथून मार्ग सुचला: दोघींचे अर्ज वेगळे करायचे. मुलीचा अर्ज जलद आणि धारदार कलमाखाली, सुमनचा कलम २५ खाली. एकाच अर्जात दोघींची नावं घातली असती तर समोरचा सगळा वेळ कलम सातवर बोलला असता आणि मुलीचे पैसे त्या वादात अडकले असते. काही सहकाऱ्यांच्या मते हा नसता पसारा होता. मला अजूनही तो बरोबर वाटतो.

काय केलं

आधी चूक सांगते. आईचा शब्द मोडायला नको म्हणून आम्ही बैठकांना हो म्हटलं. जानेवारीत गड्डा आहे, सिद्धेश्वराची जत्रा, ती होऊ द्या. मग लग्नसराई. मग कुणीतरी तिरुपतीला गेलं. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत अंबादास म्हणाला, "कारखाना बंदसारखाच आहे. मी भावाकडं कामाला जातो, बारा हजारावर." एका ज्येष्ठांनी महिन्याला दीड हजार सुचवले. सुमन उठून बाहेर आली. तोवर मे संपला होता.

अर्ज जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात दाखल झाले. १ जुलैपासून नवी संहिता लागू झाली होती, आणि टायपिस्टच्या जुन्या नमुन्यात मथळ्यापासून शेवटच्या मागणीपर्यंत सगळीकडे १४४ ऐवजी १२५ होतं. पानं पुन्हा काढावी लागली. त्याच आठवड्यात, १० जुलैला, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली दाद मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सुमनच्या शेजारच्या मशीनवर बसणारी एक बाई दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर माझ्याकडे आली, तिचं प्रकरण वेगळं लिहीन कधीतरी.

सुमनला वकिलाची फी नव्हती, कोर्ट फीही नव्हती. विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि पोटगी-घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९४ पासून आहे. हे माहीत नसल्यामुळे ती अडीच वर्षं आली नव्हती.

मग मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना ते द्यावंच लागतं: उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा, वाहन, सगळं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे.

सुमनचं प्रतिज्ञापत्र लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. आकडे गोल करायचे नाहीत, असं मी तिला बजावलं होतं. मुलीचा महिन्याचा खर्च असा निघाला: शाळेची फी वर्षाला १४,४०० म्हणजे महिन्याला १,२००, रिक्षा ७००, क्लास ८००, वह्या-पुस्तकं-गणवेश ५००, दूध आणि खाणं २,२००, औषधपाणी ४००, भाड्यात आणि लाईट बिलात तिचा वाटा १,०००. एकूण ६,८००. गणवेश शिवणाऱ्या बाईनं मुलीच्या गणवेशाचे पैसे लावले, यावर समोरून टोमणा आला. सुमननं शांतपणे सांगितलं की कारखान्यातलं कापड मोजून मिळतं आणि मोजून परत द्यावं लागतं.

अंबादासचं प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा त्यात निम्म्या रकान्यांसमोर "लागू नाही" होतं. उत्पन्न महिन्याला बारा हजार, भावाकडची नोकरी. कारखाना आईच्या नावावर. सोबत दुसऱ्या लग्नातलं लहान मूल आणि आजारी आई, हे दोन्ही खरं होतं.

आता तो तडकलेला फोन. एका दुकानदारानं पिन बदलून दिली, तेव्हा २०१७-१८ मधल्या मजुरीच्या पानांचे बेचाळीस फोटो निघाले. रेघी वही, निळं पेन, डावीकडे कामगारांची नावं, पुढे सहा दिवसांच्या खुणा, शेवटी उचल वजा करून रक्कम. एका पानावर अकरा कामगार आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेली बेरीज: ३१,४००. एका आठवड्याची मजुरी. खाली सुमनच्याच अक्षरात, "अण्णांची उचल पुढच्या आठवड्यात." फोटो पाठवल्याची तारीख-वेळ आणि त्यावर नवऱ्याचं उत्तर "ठीक आहे", हेही तिथेच होतं.

असा पुरावा चालतो का, हा प्रश्न येतोच. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ प्रमाणे वादाचा निकाल लावायला उपयोगी पडेल असा कागद न्यायालय एरवीच्या पुराव्याच्या नियमांत अडकून न पडता बघू शकतं. तरीही इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आम्ही जोडलं. फोनही सांभाळून ठेवला.

मजुरी म्हणजे नफा नव्हे, आणि २०१८ म्हणजे २०२४ नव्हे. सोलापुरातल्या यंत्रमागांची अवस्था मला ठाऊक आहे; भंगारात गेलेले माग रस्त्यानं जाताना दिसतात. अंबादासनंही काही माग खरंच विकले होते. म्हणून आम्ही पुढचा अर्ज एकाच गोष्टीसाठी दिला: कारखान्याची मागच्या बारा महिन्यांची लाईट बिलं हजर करावीत. मीटर कुणाच्या नावावर आहे ते सुमनला पाठ होतं, कारण बिल भरायची आठवण तीच करायची. बिलं आली. ग्राहक म्हणून अंबादासचं नाव, आणि सरासरी महिन्याला बावीस हजारांच्या आसपास.

बंद कारखान्याला एवढी वीज लागत नाही. यावर युक्तिवाद करावाच लागला नाही.

अंतरिम आदेश डिसेंबर २०२४ मध्ये झाला. कायद्यातले ६० दिवस कधीच उलटले होते. मुलीला महिन्याला ५,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून. सुमनचा स्वतःचा अंतरिम अर्ज नामंजूर झाला. एकरकमी रक्कम घेतलेली आहे, कलम सातचा परिणाम काय ते पुराव्यानंतर ठरवू, असं न्यायालयानं म्हटलं. मला हे अपेक्षित होतं, तिला नव्हतं. त्या दिवशी ती कोर्टासमोरच्या टपरीवर चहा न पिताच गेली.

आदेशानंतर दहा हजार आले आणि थांबले. फेब्रुवारीअखेर आठ महिन्यांचे चाळीस हजार व्हायचे होते, तीस थकले. वसुलीचा अर्ज दिला. तो थकबाकीच्या तारखेपासून वर्षभरात द्यावा लागतो, हे बऱ्याच बायकांना उशिरा कळतं. वॉरंट निघालं आणि तीस हजार दोन दिवसांत न्यायालयात जमा झाले. पाचशेच्या नोटा, सुताच्या गोदामाचा वास असलेल्या, असं सुमन म्हणाली.

तडजोड करायची की लढायचं

२०२५ च्या उन्हाळ्यात अंबादासच्या वकिलांनी मध्यस्थीचा प्रस्ताव आणला. या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हा होता, आणि तो कायद्याचा नव्हताच.

लढलो असतो तर? लाईट बिलं हातात होती. कलम २५ खाली सुमनला महिन्याला तीन-चार हजार मिळण्याची शक्यता मला बरी वाटत होती. पण पुरावा, उलटतपासणी, निकाल, मग अपील. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला, त्यामुळे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची गरज उरली नव्हती. तरी नगावर काम करणारीचा एक दिवस बुडाला की तीनशे रुपये जातात. आणि मासिक पोटगी अशा माणसाकडून, जो वॉरंटशिवाय हलत नाही.

एकरकमी घ्यायचं तर पुन्हा तीच भीती: ते पैसे पुन्हा कुणाच्या तरी घराच्या कामात जाणार.

एका दुपारी, आई बाहेर बसली असताना, सुमननं हळूच विचारलं, "मॅडम, उद्या मी लग्न केलं तर?" मी सांगितलं: स्वतःची मासिक पोटगी पुनर्विवाहानंतर थांबू शकते. मुलीचा हक्क तसाच राहतो. मिळालेली एकरकमी रक्कम कुणी परत मागत नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मग माझं एकदम घेऊ, पोरीचं महिन्याला." कुणी बघितलंय का, हे मी विचारलं नाही.

मग दोघी पोस्टात गेलो. मासिक उत्पन्न योजनेचा दर तेव्हा ७.४ टक्के होता. दीड लाख ठेवले तर वर्षाला ११,१००, म्हणजे महिन्याला ९२५ रुपये. साडेतीन लाख ठेवले तर २,१५८. सुमननं दोन्ही आकडे हुकूमनाम्याच्या नकलेच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.

निष्पत्ती

सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली. मुलीला महिन्याला ६,५०० रुपये, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ, बँकेतून थेट तिच्या नावाच्या खात्यात. दर जूनमध्ये शाळेची निम्मी फी वेगळी. सुमनला ३,५०,००० रुपये तीन हप्त्यांत: सहीच्या दिवशी दीड लाख, जानेवारी २०२६ मध्ये एक लाख, जूनमध्ये एक लाख. हप्ता चुकला तर हुकूमनाम्यासारखी वसुली.

नव्या अटींमधल्या कलम सातवर आम्ही पाऊण दिवस घालवला. समोरचा नमुना पुन्हा तेच वाक्य घेऊन आला होता, "अथवा मुलीसाठी" सकट. शेवटी ठरलेलं वाक्य असं: सुमनची स्वतःची मागणी सर्व हप्ते मिळाल्यावरच मिटली असं धरायचं, आणि मुलीच्या पोषण, शिक्षण व लग्नाच्या खर्चाच्या हक्काला या तडजोडीनं बाधा येत नाही. हिंदू दत्तक व पोषण कायद्याखाली अविवाहित मुलीचा पोषणाचा हक्क अठरा वर्षांवर संपत नाही, म्हणून "सज्ञान होईपर्यंत" हे शब्द आम्ही खोडायला लावले.

जानेवारीचा हप्ता बारा दिवस उशिरा आला. गड्डा भरला, पाळणे फिरले, तरी पैसे नाहीत म्हणून ती काळजीत होती. मी वसुलीचा अर्ज तयार करून ठेवला होता, लागला नाही.

साडेतीन लाख कमी आहेत का? आहेत. अंबादासची खरी ऐपत लाईट बिलावरून जेवढी दिसत होती, तिच्या मानानं नक्कीच कमी. पण हा निर्णय सुमनचा होता आणि या वेळी तो तिनं आकडे समोर ठेवून घेतला.

आज पुन्हा करायचं झालं तर

बैठकांना मी महिन्याभराची मुदत घातली असती, किंवा आधी अर्ज दाखल करून मग बैठकीला गेले असते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. मध्यंतरी गेलेल्या सहा-सात महिन्यांचे, पाच हजारांच्या हिशेबानं, तीस-पस्तीस हजार कायमचे गेले. ज्येष्ठांचा मान त्यानंतरही राखता आला असता.

लाईट बिलांचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला हवा होता. मी फोटोंवर फार विसंबले, कारण ते हाती लागल्याचा आनंद मोठा होता. न्यायालयाला सहा वर्षांपूर्वीच्या वहीपेक्षा चालू बिल जास्त पटलं.

सुमनचा अंतरिम अर्ज नामंजूर होऊ शकतो, हे मी तिला आधी नीट सांगितलं नव्हतं. तोंडातल्या तोंडात "बघू" म्हटलं होतं.

२०२१ मध्ये तिला स्वतःचा वकील असता तर काय झालं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही, पण माझा नमुना मी बदलला. त्यात आता कलम सात रिकामं असतं. तिथे काय लिहायचं ते ठरल्याशिवाय पुढचं पान टाईप होत नाही. टायपिस्टला याचा वैताग आहे.

मार्चमध्ये सुमनचा फोन आला. मला वाटलं बँकेतले पैसे थांबले. पैसे आले होते. तिच्या कारखान्यात काजबटणाच्या मशीनवर एक नवी मुलगी आली आहे, तिची संमती-अटींवर सही त्याच आठवड्यात व्हायची होती. सुमननं तिच्या तिसऱ्या पानाचा फोटो पाठवला होता, एका ओळीखाली नखानं दाबून केलेली खूण.

"मॅडम, हिचं सात नंबर बघा की जरा."